बोबा फेटचं १९८० सालचं चिलखत कसं घडवायचं

बोबा फेट हा 'स्टार वॉर्स' चित्रपटांतला चिलखतधारी बक्षीस-शिकारी, आणि त्याचं एकच एक चिलखत नाही. १९७८ मध्ये राल्फ मॅक्वारी आणि जो जॉन्स्टन या चित्रकारांच्या रेखाटनांवरून बनलेला पहिला नमुना पांढराशुभ्र होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन अन्सेल्मो गावच्या मिरवणुकीत लोकांनी जो बोबा पाहिला, तो रंगवलेला होता. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये तो मळक्या हिरव्या चिलखतात आला, १९८३ मध्ये मनगटापासून कोपरापर्यंतचे गाँटलेट तपकिरी लाल झाले, आणि २०२० मध्ये 'द मँडलोरियन' मालिकेत परतल्यावर तेच चिलखत नव्याने रंगवून काळ्या कपड्यांवर चढलं. आकार म्हणाल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ तोच. साल कळतं ते रंगावरून आणि कापडावरून. म्हणून कटर हातात घेण्याआधी एक साल नक्की करा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हिरवे गाँटलेट आणि काळे कपडे असा मेळ घातलात, तर प्लेट कितीही सुबक कापल्या असल्या तरी जाणकाराला तो बोबा दोन सालांत अडकलेला दिसतो.

इथे आपण १९८० चा बोबा घेऊ. कपडे फिके निळसर करडे, प्लेट करड्या छटेच्या हिरव्या, खांदे आणि गुडघे मोहरीपिवळे, गाँटलेट हिरवे.

हे चिलखत चाहत्यांच्या क्लबकडून मंजूर करून घ्यायचं असेल तर आधी दोन संघटनांची ओळख करून घ्या. १९९७ साली सुरू झालेल्या '५०१ व्या लिजन'कडे चित्रपटागणिक वेगळे लेखी निकष असतात आणि त्यांच्याकडे १९८० चा आणि १९८३ चा बोबा हे दोन वेगळे पोशाख मानतात. २००७ पासूनचा 'मँडलोरियन मर्क्स' हा क्लब स्वतः कल्पिलेल्या योद्ध्यांनाही दार उघडतो. एखाद्या सालाशी शंभर टक्के जुळवून घ्यायचा कंटाळा असेल, तर स्वतःचा मँडलोरियन, म्हणजे बोबासारखं चिलखत घालणारा योद्धा, करणं जास्त प्रामाणिक. तिथे गुलाबी चिलखतही चालतं.

फोटो आधी सरळ आहे ना ते बघा

संदर्भासाठी जमवलेल्या फोटोंत निम्मी चूक दडलेली असते. मासिकांत आणि पोस्टरांवर मांडणीसाठी फोटो सर्रास आरशासारखे उलटवलेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे: हेल्मेटवरची दुर्बीण, म्हणजे तो उभा दांडा, घालणाऱ्याच्या उजव्या कानावर असतो. समोरून काढलेल्या फोटोत तो तुमच्या डाव्या हाताला दिसायला हवा. उजवीकडे दिसला तर फोटो उलटा आहे आणि त्यावरून रंगवलेला प्रत्येक ओरखडा चुकीच्या बाजूला जाणार. दुसरी खूण डोक्यावरचा पोचा: तो घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला, कपाळाच्या वर. केप डाव्या खांद्यावर, केसांच्या वेण्या उजव्या खांद्यावर. एवढं जुळलं की फोटो फोल्डरात टाका.

खेळण्यांच्या खोक्यावरचं चित्र किंवा दुसऱ्या चाहत्याने केलेला पोशाख हा संदर्भ धरू नका. त्याच्या चुका तुमच्याकडे येतील, वर तुमच्या स्वतःच्या असतीलच. संग्रहालयांच्या प्रदर्शनांत मूळ पोशाख काचेमागे ठेवून काढलेले फोटो सगळ्यात कामाचे. मात्र प्रदर्शनात भाग इकडचे तिकडे जोडलेले असू शकतात, म्हणून चित्रपटातल्या दृश्याशी पडताळून घ्या.

माप

मूळ प्लेटची मापं जशीच्या तशी घेणं ही सुरुवातीची नेहमीची चूक. ती एका ठरावीक बांध्याच्या माणसासाठी होती. तुमच्या छातीवर त्याच मापाच्या प्लेट बशीसारख्या नाहीतर परातीसारख्या दिसतील. जपायचं असतं प्रमाण.

आधी पुठ्ठ्याचे नमुने कापा. छातीच्या दोन प्लेट, मधला शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा, पोटाची प्लेट, गळ्याची पट्टी, पाठ, कंबरेची मागची प्लेट, पुढची आणि मागची खालची प्लेट, दोन खांदे, दोन गुडघे, दोन गाँटलेट. मांड्यांवर काही नाही. पाहिजे म्हणून लावलेली मांडीची प्लेट दुसऱ्याच पात्राची असते. मध्यम बांध्याला छातीची एकेक प्लेट साधारण २० बाय २२ सेंटीमीटरच्या आसपास येते, पण हा आकडा फक्त सुरुवातीचा.

नमुने जुन्या बनियनवर मास्किंग टेपने चिकटवा आणि कोणालातरी समोरून, बाजूने, पाठून फोटो काढायला सांगा. मोबाइल छातीच्या उंचीवर आणि किमान तीन मीटर लांब असू दे. जवळून काढला की छाती फुगते आणि पाय आखडतात. मग खाली बसा, वाका, हात वर करा. पोटाच्या प्लेटची खालची कड बसल्यावर मांडीत रुतत असेल तर ती दोन सेंटीमीटर वर घ्या. कॉन्व्हेंशनमध्ये, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्यात, सात तास उभं राहता येत नाही, कधीतरी बसावं लागतंच.

सनबोर्ड

परदेशातले कारागीर ज्या प्लास्टिकच्या फळीला सिंट्रा म्हणतात ती आपल्याकडे प्रत्येक फ्लेक्स-बोर्डवाल्याकडे सनबोर्ड या नावाने पडलेली असते. फोम केलेलं पीव्हीसी. प्लेटसाठी ३ मिमी, कडा जाड दिसायला हव्यात तिथे ५ मिमी. पूर्ण फळी ८ बाय ४ फूट असते. सगळ्या प्लेट आणि गाँटलेट मिळून अर्धी, म्हणजे ४ बाय ४ फूट, पुरते आणि एखाददुसरा तुकडा फुकट गेला तरी भागतं. दुकानदार कापून देतो, कित्येकदा छपाईत वाया गेलेली फळी स्वस्तातही देतो. छापलेली बाजू आत घ्या.

घेताना एक खात्री करा. काही जण दोन्हीकडे कागद आणि मध्ये थर्मोकोलसारखा फोम असलेल्या बोर्डालाही सनबोर्डच म्हणतात. तो आपल्या कामाचा नाही, उष्णतेने आतून वितळतो. कोपऱ्यात नख रोवून बघा: कागद सुटला तर परत करा.

कापताना एकाच दाबात आरपार जाऊ नका. स्टीलच्या पट्टीच्या आधाराने तीन-चार हलके वार. पाती दर दोन प्लेटनंतर मोडून नवी घ्या, बोथट पाती कड फाडते. लेझर कटिंगचा मोह टाळा. पीव्हीसी लेझरने जाळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तो फुप्फुसालाही वाईट आणि यंत्रालाही. चांगला लेझरवाला नाहीच म्हणतो. हो म्हणाला तर त्याला पीव्हीसी काय ते माहीत नसावं.

वाकवणं हे सगळ्यात सुखाचं काम, नीट केलं तर. ८० अंश सेल्सिअसच्या पुढे सनबोर्ड मऊ पडतो. स्वयंपाकाचा नसलेला जुना ओटीजी ९० ते १०० अंशांवर ठेवून ३ मिमीचा तुकडा तीन-चार मिनिटं आत ठेवा, किंवा हीट गन २० सेंटीमीटरवरून फिरती ठेवा. एकाच जागी धरली तर आधी फोड येतो, मग पिवळा डाग, मग धूर. धूर दिसला की काम थांबवून खिडक्या उघडा. तुकडा चिंचेच्या कोळासारखा थलथलू नये, जाड चामड्यासारखा लवायला हवा. तेवढा झाला की सुती हातमोजे घालून साच्यावर दाबा.

साचे घरातच आहेत. छातीच्या प्लेटला ३५-४० सेंटीमीटर व्यासाचं मोठं पातेलं पालथं घाला, कारण वळण अगदी हलकं हवं. खांद्याला १८-२० सेंटीमीटरचं भाताचं पातेलं. गाँटलेटला मात्र सरळ नळकांडं चालत नाही. मनगटाकडे निमुळता, कोपराकडे रुंद असा आकार हवा. जाड पुठ्ठ्याची शंकूसारखी गुंडाळी करून आत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरा. दाबलेल्या तुकड्यावर लगेच ओलं फडकं फिरवा आणि मिनिटभर हात काढू नका. लवकर सोडलात तर तो हळूहळू उघडतो, दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट सपाट सापडते.

सनबोर्ड एका दिशेने आनंदाने वळतो, दोन दिशांना नाही. खांद्याच्या घुमटासारख्या प्लेटला दोन्हीकडे वळवायला गेलं की कडेला पापडासारख्या लाटा येतात. तिथे कडेला तीन-चार ठिकाणी त्रिकोणी चिरा द्या, वाकवून झाल्यावर जोड बंद करा आणि पुट्टी भरा. बिघडलं तर पुन्हा तापवा, तुकडा सपाट होतो. दोन-तीनदा हे खपतं, त्यानंतर फोम दबून पातळ होतो.

जोडण्यासाठी प्लंबर वापरतात ते पीव्हीसीचं सोल्यूशन उत्तम. ते दोन पृष्ठभाग वितळवून एक करतं. फेविक्विक झटपट चिकटतं पण ठिसूळ असतं, प्लेट एकदा लवली की सुटतं. फेविकॉल एसआर लावायचं असेल तर दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. ओला असताना दाबलेला जोड आतून कधी वाळतच नाही.

कापलेली कड स्पंजासारखी सच्छिद्र असते आणि रंग पिते. मग पृष्ठभाग तुळतुळीत आणि कड खरखरीत अशी प्लेट लांबूनही पुठ्ठ्याची दिसते. कड १२० च्या पॉलिश पेपरने गोलसर करा, साधा पांढरा फेविकॉल निम्मं पाणी घालून दोनदा लावा, वर गाड्यांच्या डेंटिंगवाल्याकडची एनसी पुट्टी बोटाने भरा, आणि २२० मग ४०० ने घासा. सपाट बाजूसुद्धा ४०० ने मंद करून घ्या, नाहीतर प्रायमर सालीसारखा निघतो.

हेल्मेट

सनबोर्ड किंवा पुठ्ठ्यातून हेल्मेट होतं, पण घुमटासाठी इतकं झटावं लागतं की आता बहुतेक जण थ्रीडी प्रिंट घेतात. त्यात काही गैर नाही. फाइल मात्र १९८० च्या हेल्मेटची आहे ना ते पाहा: गालाचा खोलगटपणा, टी आकाराच्या काचेची रुंदी, पोच्याची जागा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'द मँडलोरियन' मालिकेतल्या नायकाचं हेल्मेट अधिक कोनदार आहे. नुसतं 'मँडलोरियन' म्हणून शोधलं की पहिलं तेच हाती येतं.

डोक्याचा घेर मोजून फाइल लहानमोठी करा. कपाळ आणि मागची बाजू इथे आत १२-१५ मिमी फोम बसेल एवढी जागा हवी. चष्मा असेल तर चष्मा लावून मोजा. भिंत ३ मिमी, थर ०.२ मिमी पुरे. खूप मोठं हेल्मेट ही कॉन्व्हेंशनमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक. खांद्यांच्या मानाने डोकं मोठं दिसलं की योद्ध्याचा बाहुला होतो.

पीएलए या प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लास्टिकचं प्रिंट साधारण ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं, आणि मागच्या काचेजवळ ठेवलेलं हेल्मेट घरी पोचेपर्यंत एका बाजूला कललेलं असतं. पीईटीजी ८० अंशांच्या आसपास तग धरतं, एबीएस त्याहून जास्त. विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर पीएलए नकोच.

प्रिंटच्या रेषा घालवायला १२० ने घासून पुट्टी, मग २२०, मग फिलर प्रायमर, मग ४००. हे चक्र तीनदा. घाई केली तर हिरव्या रंगाखाली त्या रेषा पुन्हा वर येतात आणि तिरक्या उजेडात स्पष्ट मोजता येतात.

काचेसाठी वेल्डिंगच्या फेसशील्डची हिरवी शीट सुमारे १ मिमी जाडीची घ्या. तीन नंबरच्या छटेतून घरातही दिसतं, पाच नंबर संध्याकाळी जड जातो, दहा नंबर लावून जिन्यावरून उतरण्याचं धाडस करू नका. ती थंडच वाकते, तापवायची गरज नाही. बाहेरून टी कापून नुसती चिकटवली तर कडेचा प्रकाश आत येतो. आतून दोन सेंटीमीटर जास्तीची शीट ठेवून स्क्रू आणि वॉशरने धरा. पुढे ओरखडली तर बदलता येते. वाफ धरू नये म्हणून ५ व्होल्टचा छोटा ब्लोअर पंखा हनुवटीजवळ, हवा बाहेर फेकणारा, आणि पॉवरबँक कंबरेला. आत फेकणारा पंखा डोळे कोरडे करतो आणि काच तरी धुकटतेच.

उजव्या कानावरचा दांडा ॲल्युमिनियमच्या पट्टीचा करा आणि बिजागरीला नायलॉनचं वॉशर घाला. प्लास्टिकचा दांडा पहिल्या दरवाज्याला आपटून मोडतो.

रंग, म्हणजे खरं काम

मूळ पोशाख फ्लोक्विल या अमेरिकन कंपनीच्या, छोट्या रेल्वेगाड्यांच्या प्रतिकृतींसाठी असलेल्या रंगांनी रंगवला होता. ते रंग आता बनत नाहीत, त्यामुळे छटा जुळवूनच घ्यावी लागते. 'मिलिटरी ग्रीन'चा तयार डबा घेऊ नका. तो जास्त पिवळा असतो आणि चिलखत जीपसारखं दिसतं. ॲक्रिलिकमध्ये गडद हिरवा सहा भाग, मध्यम करडा तीन, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) एक इथून सुरुवात करा. सनबोर्डच्या कपट्यावर लावून वाळू द्या, कारण ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं. छटा उन्हात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेली हिरवी बाहेर निळी निघते.

ओरखडे ब्रशने चंदेरी ठिपके देऊन काढायचे नसतात. वर ठेवलेला ठिपका वरच दिसतो. खरा टवका आत असतो, आणि तो आणायला रंगाचे थर उलट्या क्रमाने द्यावे लागतात: खाली धातू, वर रंग, आणि मध्ये काहीतरी जे नंतर उचलता येईल. हे काहीतरी म्हणजे टूथपेस्ट.

प्रायमरचे दोन हलके हात, २५ सेंटीमीटरवरून, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. चोवीस तास ठेवा. मग सिल्व्हर स्प्रे, पुन्हा चोवीस तास. त्यावर पारदर्शक लॅकरचा एक पातळ हात, कारण नंतर घासताना चंदेरी उतरू नये. आता साधी पांढरी पेस्ट, जेल नव्हे, टूथपिकच्या टोकावर घेऊन जिथे टवका हवा तिथे ठेवा. गोल ठिपका नको. टोक टेकवून बाजूला ओढा, म्हणजे एक कड धारदार आणि दुसरी फाटकी येते. काही टवक्यांना चंदेरी आणि हिरव्याच्या मध्ये एक फिकट कडा दिसते. तिच्यासाठी पहिली पेस्ट अर्धा-पाऊण तास वाळू द्या, फिकट करड्या-हिरव्याचा पातळ थर द्या, तो वाळला की पहिल्या ठिपक्याभोवती जरा मोठा दुसरा ठिपका ठेवा, आणि मग मुख्य हिरवा.

इथे सगळ्यात जास्त प्लेट बिघडतात. पेस्ट पाण्यात विरघळते. पाण्यातला ॲक्रिलिक ब्रशने ओढला की पेस्ट त्यातच कालवली जाते आणि सगळीकडे पांढुरका चिखल होतो. रंग स्पंजच्या तुकड्याने टिपत लावा, जवळजवळ कोरडा, तीन पातळ थरांत. किंवा स्प्रे करा. ब्रशच वापरायचा हट्ट असेल तर चित्रकारांचं रबरी मास्किंग फ्लुइड घ्या. पेस्ट काढायची वेळही महत्त्वाची. रंग बोटाला लागेनासा झाला पण कडक झालेला नाही, साधारण तासाभरात, तेव्हा ओल्या फडक्याने चोळा. आधी चोळलं तर रंग फरफटतो. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर पेस्टवर रंगाचं कवच बसतं आणि ते तुटताना नको तेवढं सोबत नेतं.

टवके कुठे? १९८० च्या बोबाचे टवके ठरावीक जागी आहेत, प्रत्येक प्लेटवरचे. फोटो प्लेटच्या खऱ्या मापाएवढा छापून घ्या, मागच्या बाजूला पेन्सिल गिरवा आणि कार्बनसारखा प्लेटवर ठेवून खुणा उमटवा. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, पण अंदाजाने दिलेले टवके नेहमी सारख्या अंतरावर येतात. माणसाचा हात नकळत रांगोळी काढायला लागतो.

दोन जातींचे रंग एकावर एक चढवताना सावध राहा. इनॅमलवर लॅकरचा स्प्रे मारला की खालचा थर सुरकुततो, दुधावरच्या सायीसारखा. उलटं, म्हणजे वाळलेल्या लॅकरवर पातळ इनॅमल, चालतं. डब्यावर नीट लिहिलेलं नसेल तर कपट्यावर आधी करून बघा. पावसाळ्यात दुसरी अडचण: हवा दमट असताना लॅकर मारला की पृष्ठभागावर पांढरट धुकं धरतं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे स्प्रेचे महिने नाहीत. करायचंच झालं तर दुपारी, कोरड्या तासाभरात, आणि पातळ हात. धुकं धरलंच तर घाबरून खरवडू नका. कोरड्या दिवशी त्यावर थिनरची अगदी बारीक फवारणी केली की बहुतेक वेळा ते मावळतं.

हेल्मेटला हिरवा घुमट आणि काचेभोवती तपकिरी लाल. तो लाल विटेच्या बाजूचा ठेवा, कुंकवाच्या नको. सगळं वाळल्यावर बर्न्ट अंबर आणि चिमूटभर काळा दहापट पाण्यात मिसळून प्लेटवर फासा आणि मिनिटभरात खालच्या दिशेने पुसा. घाण खाली साचते, तसाच डाग राहायला हवा. वर मॅट लॅकर.

धुळीसाठी सिनेमावाले फार पूर्वीपासून जी भुकटी वापरतात ती आपल्या घरातली मुलतानी माती. पिशवीत भरून प्लेटवर आपटा, जादा फुंकून टाका. हे मॅट लॅकरनंतर करा. आधी केलं आणि वर लॅकर मारला तर भुकटी ओली होऊन पारदर्शक होते आणि धूळ दिसेनाशी होते. अर्थात न बांधलेली धूळ निघते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पुन्हा लावा, पाच मिनिटांचं काम.

कापड आणि बांधणी

फिका निळसर करडा कॉटन ड्रिल शिवायला देण्याआधी दोनदा धुऊन आटवून घ्या. शिंप्याला फोटो दाखवून भागत नाही. मांजरपाटाचा एक कच्चा नमुना आधी शिवून घ्या आणि त्यावर प्लेट अडकवून बघा. नडगीवरचे अवजारांचे खिसे विसरू नका. कोपर आणि गुडघे पॉलिश पेपरने विटवा. पांढरं कापड मात्र चहात बुडवू नका, चहा पिवळा जातो आणि इथे करडा हवा.

कंबरेचा लालसर तपकिरी पट्टा घोड्याच्या तंगासारखा शेजारी शेजारी दोऱ्यांचा असतो. एकसंध कापडाचा पट्टा लांबूनही खोटा कळतो. सुती दोर रंगवून आडव्या चार-पाच जागी बांधून घ्या. उजव्या खांद्यावरच्या वेण्यांना गंगावन झकास चालतं: दोन-तीन छटांचं घ्या, थोडं विस्कटा, चमक घालवायला केसांवर मुलतानी माती चोळा.

वेल्क्रोची चिकट पट्टी घामाने दोन तासांत सुटते. मऊ बाजू वेस्टवर, म्हणजे प्लेट ज्यावर बसतात त्या बंडीवर, शिवा आणि खरखरीत बाजू प्लेटला, पृष्ठभाग घासून, फेविकॉल एसआरने लावा. उलट केलंत तर वेस्ट धुताना खरखरीत बाजू बाकीच्या कपड्यांची लोकर करते. खांद्यांच्या प्लेटला वरून एक पट्टा आणि दंडाभोवती एक इलॅस्टिक. गुडघ्यांना मागे फुली घालून ४० मिमीचं इलॅस्टिक, आणि ते खाली घसरू नये म्हणून पँटला दोन टिचबटणं.

गाँटलेट दोन अर्ध्या कवचांचा, एका बाजूला कापडी बिजागरी, दुसऱ्या बाजूला चुंबक. चुंबक ॲराल्डाइटने बसवताना आधी पेनने दोन्ही समोरासमोरच्या बाजूंवर खूण करा. एक उलटा बसला तर गाँटलेट बंदच होत नाही आणि ॲराल्डाइट सुटत नाही. डाव्या गाँटलेटवर मूळ पोशाखात कॅसिओ एमक्यू-१ या छोट्या गणकयंत्राची बटणं होती. ते मिळालं तर छान. नसेल तर तेवढ्याच मापाची बटणं सनबोर्डच्या चौकोनांतून करा. १९८० साठी हिरवे, एवढं लक्षात असू द्या.

जेटपॅक २ किलोच्या आत ठेवा. प्लंबिंगचे जाड पाइप मोहात पाडतात पण संध्याकाळपर्यंत मान धरते. वजन वेस्टवर टांगू नका. वेस्टच्या आत शाळेच्या दप्तरासारखे पट्टे, त्यांना जोडलेली एक फळी, आणि पाठीच्या प्लेटमधून आरपार दोन बोल्ट. फळी नसेल तर पॅक मागे ओढतो आणि गळ्याची पट्टी कंठात रुतते.

बंदूक मूळची वेब्ली अँड स्कॉटच्या फ्लेअर पिस्तुलावर बेतलेली होती, म्हणजे ती खऱ्या हत्यारासारखीच दिसते. लोकलमध्ये, रिक्षात, हॉटेलात ती पिशवीबाहेर काढू नका; मुंबई कॉमिक कॉनसारख्या कार्यक्रमाला जाताना प्रॉपचे नियम आधी वाचा आणि दारावर स्वतःहून दाखवा. विमानात सामानात टाका, केबिनमध्ये नाही.

सोबत एक डबा असू द्या: फेविकॉल एसआरची लहान ट्यूब, मास्किंग टेप, वेल्क्रोचे चार तुकडे, टिचबटणं, सुईदोरा, हिरव्या रंगाची छोटी बाटली, स्पंज, मुलतानी माती, ओआरएसची पाकिटं. दर चाळीस मिनिटांनी हेल्मेट काढा. बरोबर आलेल्या माणसाला हेल्मेटचा पंखा बंद-चालू कसा करायचा हे आधीच शिकवून ठेवा, कारण गाँटलेट घातलेल्या हातांनी ते बटण सापडत नाही.